दहा बोल्टांचा अबोला

आपल्या मनगटात वजनकाटा बसवलेला आहे असं जो मेकॅनिक चारचौघांत सांगतो, त्याच्याकडे गाडी टाकू नये, एवढी साधी अक्कल लोकांना असायला हवी. नसते. म्हणून तर पैलवानाच्या शेडपुढे तीस वर्षं गाड्यांची रांग लागत आली.

पैलवान हे टोपणनाव. उभ्या जन्मात तो एक कुस्ती खेळला नव्हता. पण मान रुंद, पंजे फावड्याएवढे, आणि बोल्ट आवळताना घशातून हुंकार काढायची सवय, एवढ्यावर कोणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं आणि याने ते जन्मभर मिरवलं. त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याचा धाकटा भाऊ काम करायचा. त्याला प्रोफेसर म्हणत. शाळा त्याने अर्ध्यातच सोडलेली, पण नाकावर चष्मा होता आणि भिंतीवरच्या फळीवर एकेका इंजिनाचं कंपनीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं होतं. पुस्तकाला हात लावण्याआधी तो हात धुवायचा. जेवणाआधी धुवायचाच असं नाही.

तर हे दोघे सख्खे भाऊ एका छपराखाली, एका कॉम्प्रेसरवर आणि एका चेन-कप्पीवर काम करत होते, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. कारण होतं हेडचे बोल्ट.

ज्यांनी इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर खालचं जड धूड म्हणजे ब्लॉक, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मध्ये भोकाभोकांचा एक पातळ पत्रा, ती हेड गॅसकेट. ती जळली की पाणी तेलात, तेल पाण्यात, मागून पांढरा धूर आणि मालकाचं तोंड काळं. नवी गॅसकेट ठेवायला काही कसब लागत नाही, ती कोणीही ठेवेल. कसब आहे ते वरचे बोल्ट आवळण्यात. मधल्यापासून सुरुवात करून बाहेर जायचं, एका दमात नाही तर दोन-तीन खेपांत आवळायचं, आणि सगळ्यांवर जोर सारखा पडायला हवा. एक जास्त नि एक कमी झाला की हेड वाकतं आणि महिन्याभरात तीच गाडी टोचन लावून दारात येते.

पैलवान हे सगळं हाताने करायचा. म्हणजे पान्याला हातभर पाईप लावून ओढायचं, आणि मनगटाला 'आता पुरे' असं वाटलं की थांबायचं. वडील असंच करायचे. वडिलांच्या काळी इंजिनंही तशीच होती, धोंड्यासारखी, कशीही आवळा, चालायची. पण हे पैलवानाला कोण सांगणार? प्रोफेसरने टॉर्क पाना आणला होता. त्याच्या मुठीजवळच्या आकड्यावर जोर ठरवून द्यायचा आणि तेवढा जोर आला की पाना 'टक्' वाजतो. पैलवान त्यावर म्हणायचा, "आवाज ऐकून हात थांबवायचा, तर मेकॅनिक कशाला पाहिजे? घड्याळजी बसवा."

मग अकरा वर्षांपूर्वी एका पिकअपची हेड गॅसकेट पैलवानाने बदलली, ती गेली. पुन्हा बदलली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा प्रोफेसरने हेड उचललं, पट्टी ठेवून पाहिली, ते वाकलेलं निघालं, आणि पिकअपच्या मालकादेखत म्हणाला, "दादाचा हात आता चालत नाही. अंदाज चुकतो त्याचा." वाक्य खरं होतं, म्हणून तर झोंबलं. खोटं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. पैलवानाने हातातला पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि ठरवलं की याच्याशी आपण आधी बोलायचं नाही. तिकडे प्रोफेसरनेही तेच ठरवलं. एकाच बापाची पोरं. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

भिंत घालून शेड वाटून घ्यायचीही सोय नव्हती, कारण अर्ध्या शेडमध्ये एक गाडी सरळ उभी राहात नव्हती. तेव्हा जमिनीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि संसार सुरू राहिला. बोलायचं असलं की वस्तूंना सांगायचं. प्रोफेसर कॉम्प्रेसरला म्हणायचा, "नळी तशीच सोडून गेलं वाटतं कोणीतरी. हवा फुकट आहे." पैलवान समोरच्या गाडीला सांगायचा, "बाई, तुझ्या बोनेटवर कोणाचा चष्मा राहिलाय. डोळे नसले तरी चष्मे फार." आणि ज्या गोष्टी वस्तूंना सांगून भागत नाहीत त्या पैलवानाच्या बायकोमार्फत जायच्या. ती पुढे स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसायची. दिवसातून चाळीस वेळा निरोप्याचं काम करायची.

"वहिनी, त्यांना सांगा, जॅक लागणार आहे."

"अहो, भाऊजींना जॅक हवाय."

"त्याला म्हणावं, घे की."

"भाऊजी, घ्या की."

जॅक दोघांच्या बरोब्बर मध्ये, रेघेवर पडलेला असायचा. "मी आहे म्हणून," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "नाहीतर एव्हाना कॉम्प्रेसरलाच वाचा फुटली असती."

दोघांच्या मधली एक बहीण होती. वय पन्नाशीचं, निम्मे केस पिकलेले, तरी तिला सगळे बेबीच म्हणायचे. नवरा गेल्यावर तिने व्हॅन चालवायला घेतली आणि गेली चौदा वर्षं ती एकच काम करत होती. ज्यांची मूत्रपिंडं बंद पडलेली असतात अशा पाच जणांना आठवड्यातून तीनदा भल्या पहाटे घरून उचलायचं, इस्पितळात मशीनवर नेऊन बसवायचं, चार तासांनी पुन्हा घरी पोचवायचं. नुसतं स्टिअरिंग धरणं नव्हे. एक आजोबा दुसऱ्या मजल्यावर राहायचे, त्यांना खुर्चीत बसवून खाली आणावं लागे. एक बाई मागच्या सीटवर बसल्या की ओकायच्या. एकाला वाटेत गप्पा लागायच्या आणि दुसऱ्याला गप्पांचा संताप यायचा. हे सगळं बेबीला पाठ होतं. त्या कामावर तिचं घर चालत होतं हे तर झालंच, पण तिचा जीवही त्यातच होता. या दोन शहाण्यांची उभ्या आयुष्यात कोणी वाट पाहत नव्हतं. बेबीची पाच माणसं खिडकीत बसून वाट पाहायची.

ती व्हॅन महिन्याभरात दोनदा रस्त्यात बंद पडली. इंजिन तापलं, पांढरा धूर निघाला. दुसऱ्या वेळी एका पेशंटला रिक्षात घालून न्यावं लागलं. इस्पितळाच्या ऑफिसातून तिला सांगण्यात आलं की सोमवारी सकाळी सहाला गाडी दारात पाहिजे. नसेल तर हे काम दुसऱ्याला देऊ, आणि मग दिलं ते दिलं.

शुक्रवारी दुपारी बेबी व्हॅन घेऊन शेडमध्ये आली. तिने ती बरोबर पांढऱ्या रेघेवर उभी केली. एक चाक याच्या हद्दीत, एक त्याच्या.

"हेड गॅसकेट गेलीय," ती म्हणाली. "एकाने खोलायची, एकाने बसवायची. दोघांनी मिळून. सोमवारी सहाला मला गाडी हवी आणि मला कारणं सांगायची नाहीत."

"मी एकटा करतो की," पैलवान म्हणाला.

"तू एकटा करशील म्हणूनच दोघांना सांगतेय."

तिला वाटलं, एका इंजिनावर दोघे वाकले की तोंडं उघडतील. भाबडी बाई. चौदा वर्षं आजारी माणसं वाहून नेली तरी निरोगी माणसांची नस तिला सापडली नव्हती.

खोलायचं काम प्रोफेसरने घेतलं, आणि देवाशप्पथ, चांगलं केलं. हेड उतरवलं, फेसिंगला पाठवून सपाट करून आणलं. ब्लॉकचा माथा घासून आरशासारखा केला. बोल्टांच्या दहाही भोकांत हवा मारून आतलं तेल-पाणी काढलं, कारण तळाशी थेंबभर तेल राहिलं तरी बोल्ट वरूनच अडतो, नाहीतर ब्लॉकला चीर जाते. काउंटरवरून नवे दहा बोल्ट घेतले. या नव्या जातीचे बोल्ट आवळताना मुद्दाम जरासे ताणले जातात, म्हणून ते एकदाच वापरायचे असतात. पुस्तकात लिहिलं होतं की आधी टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळा, मग प्रत्येकाला पाव फेरा द्या, मग पुन्हा एकेक पाव फेरा. तीन खेपा, बस्स. त्याहून एक केसभरही नाही.

शनिवारी दुपारी प्रोफेसरने नवी गॅसकेट घालून हेड ब्लॉकवर अलगद ठेवलं, बोल्ट नुसते हाताने बसवले आणि पुस्तक त्या पानावर उघडून त्यावर दहाचा पाना ठेवला.

"वहिनी, ज्याला आवळायचंय त्याला सांगा, पुस्तक तिथे आहे. वाचता येत असेल तर." असं म्हणून तो घरी जेवायला गेला.

बायकोने निरोप द्यायला तोंड उघडलं. "ऐकलं मी," पैलवान म्हणाला. ती पुन्हा काउंटरवर गेली.

शेडमध्ये पैलवान एकटा राहिला. त्याने सवयीने पाईप उचलला, पान्याला लावला आणि मधल्या बोल्टवर ठेवला. आणि हात थांबला. गोष्ट अशी की त्या पिकअपपासून त्याची स्वतःच्या मनगटावरची खात्री उडालेली होती. अकरा वर्षं तो प्रत्येक हेडनंतर महिनाभर धास्तीत असायचा, रस्त्यात आपण केलेली गाडी दिसली की धूर बघायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. बाहेर मात्र तोरा तोच, मनगटात काटा आहे. इतर गाड्यांचं काय व्हायचं ते होवो, पण बेबीच्या गाडीवर जुगार खेळायला त्याचा जीव होईना. एवढं एक माणूसपण त्याच्यात शिल्लक होतं, त्याचं श्रेय त्याला देऊन टाकू.

त्याने पाईप इंजिनाला टेकवून ठेवला आणि काउंटरकडे पाहिलं. बायको पाठमोरी होती. त्याने हात धुतले. चक्क साबणाने धुतले. रेघ ओलांडली, पुस्तकापुढे उभा राहिला आणि शाळकरी पोराप्रमाणे ओळीखाली बोट धरून पान वाचलं. मग प्रोफेसरच्या पेटीतून टॉर्क पाना काढला, आकडा लावला आणि मधल्या बोल्टपासून सुरुवात केली. टक्. समोरचा. टक्. मधून बाहेर, आकृतीत दाखवलं होतं तसं. दहा झाले. मग लांब दांडा लावून एकेक पाव फेरा, मग पुन्हा एकेक पाव फेरा. पाऊण तास लागला. हुंकार एकही निघाला नाही. काम इतकं सरळ झालं की त्याला ते आवडलं, आणि आवडलं याचीच त्याला लाज वाटली. अकरा वर्षांपूर्वी हे केलं असतं तर पिकअपवाला परत आला नसता, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्याने तो फडक्याने पुसल्यासारखा पुसून टाकला.

आता पुढचं ऐका. प्रोफेसरची एक पद्धत होती. बोल्टचा शेवटचा पाव फेरा झाला की तो त्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा एक टिपका द्यायचा. कारण पाव फेरा दिलेला बोल्ट आणि न दिलेला बोल्ट बघून ओळखता येत नाही. टिपका असला की कोणालाही कळतं, झालं, आता हात लावायचा नाही. रंगाची बाटली त्याच पेटीत होती. पैलवानाने ती हातात घेतली, झाकणही फिरवलं. "नखं रंगवायला बसलोय का मी," असं पुटपुटला आणि ठेवून दिली. खरं कारण वेगळं होतं. टिपके दिसले असते तर दादाने पुस्तक वाचलं, दादाने टॉर्क पाना वापरला, हे धाकट्याला कळलं असतं. ते त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. म्हणून त्याने टॉर्क पाना पुसला, आकडा मागे फिरवला, पेटीत होता तसा ठेवला, पुस्तकावर दहाचा पाना होता तसा ठेवला. चोर इतकी काळजी घेत नाही. मग तो मागच्या नळावर हात धुवायला गेला.

नळ शेडच्या मागच्या कोपऱ्यात होता, आणि तो साबण लावतोय तोच प्रोफेसर जेवून आला. लवकर आला. बेबीच्या गाडीची त्यालाही काळजी होती, हेही सांगायला हवं.

प्रोफेसरने चष्मा लावला आणि हेडवर वाकून पाहिलं. टिपके नाहीत. पेटी बंद. पुस्तक जसंच्या तसं. इंजिनाला टेकून ठेवलेला पाईप मात्र त्याला बरोबर दिसला.

"अंदाजपंचे दाहोदरसे," तो व्हॅनला म्हणाला. "तरी बरं, पुस्तक उघडून ठेवलं होतं."

त्याने टॉर्क पाना काढला, पहिल्या खेपेचा आकडा लावला आणि दहाही बोल्टांवर ठेवून पाहिला. टक्, टक्, टक्. एकही बोल्ट हलला नाही. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला," तो म्हणाला. "पहिली खेप तरी नशिबाने जमली म्हणायची. आता फेरे." आणि त्याने लांब दांडा घेतला.

नळावर पैलवानाचे हात थांबले. फेरे झाले होते. दोन्ही झाले होते. या बोल्टांना आणखी फेरे दिले तर काय होतं ते तीस वर्षं बोल्ट आवळणाऱ्याला कोणी सांगायला नको.

दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. "झालंय ते," एवढंच म्हणायचं होतं. नाव घ्यायला नको, भाऊ म्हणायला नको. नळाला सांगितलं असतं तरी चाललं असतं, अकरा वर्षं तेच तर करत होते! पण झालंय म्हटलं की कसं झालं ते विचारणार. पुस्तकातलं पान निघणार, पाना निघणार. आणि धाकटा चष्म्यावरून बघून हसणार.

प्रोफेसरने मधला बोल्ट फिरवला. जड गेला. "रेड्यासारखं आवळलंय," तो म्हणाला. इथे त्यानेही थांबायला हवं होतं. पाहिजे त्याहून बोल्ट जड जातोय म्हणजे काहीतरी चुकतंय, हे काल भरती झालेल्याला कळतं. पुस्तकात तसं लिहिलंही होतं, शंका असेल तर बोल्ट काढा, नवे घाला. पण नवे बोल्ट संपले होते, आणि विचारायचं तर ज्याला विचारायचं तो नळावर उभा होता. त्याला कसं विचारणार? चष्मेबहाद्दराने दांडा पुढे ओढला. पुस्तकावर एवढी श्रद्धा, पण त्यातलं नेमकं तेवढंच वाक्य त्याने गिळलं.

पहिल्या फेऱ्यात दहाही बोल्टांनी दम धरला. पैलवान मोजत होता. दहा वेळा त्याच्या तोंडाशी शब्द आला आणि दहा वेळा त्याने मिठाची गुळणी धरली. मधेच त्याच्या मनात आलं, तुटू दे. तुटू दे एकदा याच्या हातून, बेबीदेखत, बायकोदेखत. मग मी म्हणेन, प्रोफेसरचा पाना आता चालत नाही. असं त्याला खरोखर वाटलं, आणि ते वाटत असताना तो स्वच्छ झालेल्या हातांना पुन्हा साबण लावत होता. काय म्हणावं या माणसाला? इकडे पाच माणसं सोमवारची वाट बघताहेत आणि हा फेस काढतोय!

दुसऱ्या फेऱ्याच्या चौथ्या बोल्टला कट्‌ असा कोरडा आवाज आला. दांडा एकदम सैल झाला आणि प्रोफेसर कोपरावर आपटला. बोल्टचं डोकं दांड्याच्या टोकाच्या गोटीसकट त्याच्या हातात आलं. उरलेलं खोडकं खाली ब्लॉकमध्ये, आट्यात गच्च रुतून राहिलं.

बायको काउंटरवरून धावत आली. पैलवानही आला, ओल्या हातांनी.

"असले कसले बोल्ट दिलेत वहिनी!" प्रोफेसर ओरडला.

"कंपनीचे आहेत भाऊजी, तुमच्यासमोरच खोका फोडला," ती म्हणाली.

प्रोफेसरने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. तो मध्ये बारीक झाला होता, ओढून ताणल्यासारखा. पाव फेऱ्याने बोल्ट इतका ताणला जात नाही, हे त्याला समजत होतं. तो वळला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ भावाच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तू काय करून ठेवलं होतंस?"

"पुस्तकात होतं ते."

"तू? पुस्तक?"

"तिन्ही खेपा. तुझ्याच पान्याने."

प्रोफेसरने पुन्हा तुकड्याकडे पाहिलं. मग तो किंचाळला, "मग सांगायचं नाहीस?"

"तू विचारायचं नाहीस?"

"टिपके का नाही दिलेस?"

"तुला डोळे नव्हते? बोल्ट जड लागत नव्हता?"

"तू रेड्यासारखा आवळतोस हे सगळ्या जगाला माहीत आहे!"

"बोलले," बायको म्हणाली. "अकरा वर्षांनी बोलले आणि हे बोलले." ती तिथेच टायरवर बसली.

बेबी आली तेव्हा ते दोघे बोलतच होते. अकरा वर्षांचं साठलेलं, पिकअपपासून सगळं निघालं होतं. तिने मोकळ्या दिवसाचा फायदा घेऊन सीटची सगळी कव्हरं धुतली होती, त्यांची मोठी घडी तिच्या हातात होती. दोघे समोरासमोर उभे राहून बोलताहेत हे दारातून बघून तिचा चेहरा क्षणभर असा काही फुलला की पैलवानाच्या बायकोने मान फिरवली.

मग बेबी जवळ आली. या शेडमध्ये ती रांगली होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने हेडवर वाकून मोजलं. नऊ डोकी आणि एक भोक.

"नवे बोल्ट?"

"मंगळवारी, वन्सं," पैलवानाची बायको म्हणाली. "आणि हे खोडकं काढायलाच उद्याचा दिवस जाईल. भोक पाडून काढावं लागेल."

"याने माझ्या कामावर हात टाकला," पैलवान म्हणाला.

"बेबीताई, तूच सांग, याने सांगायला नको होतं?" प्रोफेसर म्हणाला.

तिने कव्हरांची घडी व्हॅनच्या सीटवर ठेवली. "हा आवळत होता तेव्हा तू कुठे होतास, दादा?"

"नळावर. हात धूत होतो."

"नळावरून दिसतं," ती म्हणाली. "लहानपणी मी तिथेच बसून बाबांचं काम बघायचे."

पैलवानाने कोरड्या हातांना पुन्हा फडकं लावलं.

"दिसत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. पाठ केली होती, साबण डोळ्यात गेला होता, काहीही चाललं असतं. "दिसत होतं," तो म्हणाला.

"कितव्या बोल्टपासून?"

"पहिल्यापासून."

प्रोफेसरच्या हातातून तुटकं डोकं खाली पडलं. बेबीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुला दहा पावलं चालवेना," ती म्हणाली. त्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

ती रडेल, ओरडेल, असं पैलवानाला वाटत होतं. तिने तसं केलं असतं तर त्यालाही मोठ्या भावासारखं काही बोलता आलं असतं. तिने फोन काढला. जुना फोन होता, पलीकडचं सगळं शेडभर ऐकू यायचं.

"मी व्हॅनवाली बोलतेय. सोमवारी गाडी येणार नाही." ऑफिसातला माणूस म्हणाला की मग ते काम दुसऱ्यांना द्यावं लागेल, कायमचंच द्यावं लागेल. "हो, द्या," ती म्हणाली. "फक्त त्यांना सांगा, आजोबांना खुर्चीत बसवून आणायचं, दोन माणसं लागतात, आणि जिन्याच्या वळणावर त्यांचा डावा पाय सांभाळायचा. आणि त्या बाईंना पुढेच बसवा. मागे बसवू नका. आणि कोपऱ्यावरचे जे काका आहेत ते वाटेत बोलले नाहीत तर समजा की त्यांना बरं वाटत नाहीये, लगेच नर्सला सांगायचं. लिहून घेताय ना?"

माणूस लिहून घेत होता. बरा माणूस असावा. तो म्हणाला, "ताई, वाईट वाटतं हो. चौदा वर्षांत तुमची तक्रार नाही. गाडीचं एवढं काय झालं? ओळखीचा कोणी मेकॅनिक नाही का तुमच्या?"

दोघे भाऊ तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. पैलवान तिच्याकडे बघत होता आणि प्रोफेसर जमिनीकडे.

"नाही," बेबी म्हणाली. "माझ्या ओळखीचं कोणी नाही. तुमच्याकडे कोणाचा नंबर असेल तर द्या."

तिने फोन कानाशी धरून ठेवला आणि दुसरा हात पुढे केला. "वहिनी, जरा पेन देता?"

पैलवानाच्या बायकोने पेन दिला, आणि बोल्टच्या रिकाम्या खोक्यावर बेबीने तो नंबर लिहून घेतला.